पाच पूर्णांक एक दशांश

आमच्या घरात होम थिएटर आले, त्याचे श्रेय येणारे-जाणारे आमच्या चिरंजीवांना देतात आणि चिरंजीवही ते आनंदाने घेतात. पण खरी हकीकत निराळी आहे. ते आले आमच्या तीर्थरूपांमुळे आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंमुळे. या दोघांची तोपर्यंत एकमेकांशी धड ओळखही झालेली नव्हती.

पुण्यात कर्वेनगरातल्या एका इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या वर्षी पावसाळ्यातल्या एका रात्री साडेनऊच्या सुमारास दारावर टकटक झाली. बेल असताना टकटक करणारी माणसे एक तर अगदी घरची असतात, नाही तर फार भिडस्त. काकू दुसऱ्या प्रकारातल्या. आत यायलाही तयार होईनात. "बसत नाही. ह्यांचा आत्ताच डोळा लागलाय," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगायला आले, की तुमच्याकडच्या बातम्या हल्ली आम्हांला खाली पाठ व्हायला लागल्यात." आणि हसल्या. तक्रार अशी हसून केली, की ऐकणाऱ्याला पळायला जागा उरत नाही. त्यांच्या यजमानांना पक्षाघात होऊन दोन वर्षे झाली होती. त्यांचा पलंग नेमका आमच्या हॉलखाली आहे, हे मला ठाऊक होते. आणि आमच्या टीव्हीचा आकडा त्या वेळी पंचेचाळीसवर आहे, हेही ठाऊक होते. पूर्वी तो बारावर असे. नाना आमच्याकडे राहायला आल्याला आठ महिने झाले होते, आणि महागाईसारखा तो आकडा महिन्या-महिन्याला चढत गेला होता.

नाना म्हणजे माझे वडील. मूळचे बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे. पण मास्तरकीच्या निमित्ताने त्याच तालुक्यातल्या हिवरा आश्रमला गेले आणि तिथलेच झाले. गणित शिकवायचे. शुकदास महाराजांनी उभा केलेला विवेकानंद आश्रम हीच त्या गावाची ओळख. पौष वद्य सप्तमीला, विवेकानंदांच्या जन्मतिथीला, तिथे मोठा उत्सव भरतो. माणसे लाखांनी मोजावी लागतात. शेतातून पंगती बसतात आणि पुरी नि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वाढायला येते. माझ्या लहानपणी उत्सवाच्या दिवसांत झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून सूचना, भजने, हरवलेल्या मुलांची नावे असे सगळे एका दमात ऐकू येई. वाऱ्याने दिशा बदलली, की अर्धे वाक्य आमच्या अंगणात पडे आणि उरलेले अर्धे कोराडीच्या पाण्याकडे निघून जाई. त्याची तक्रार कोणी केली नाही. आमच्या घरावर पत्रे होते, खाली जमीन होती आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांचे अंगण. आवाजाला जायला जागा होती.

नानांना तर कर्ण्याची गरजच नव्हती. त्यांचा पाढा शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू यायचा. अशा माणसाला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कमी ऐकू येऊ लागले. आई गेल्यावर वर्षभर ते हिवऱ्याला एकटे राहिले. मग आम्ही आग्रहाने त्यांना पुण्याला आणले. इथे आल्यावर ते हळूहळू बोलायचेच थांबले. जेवताना सगळे हसले, की क्षणभर आमच्या तोंडांकडे बघत आणि मग हसत. ते उशिराचे हसणे मला बघवत नसे. आमची सौ. विचारी, "मामाजी, भात वाढू?" ते म्हणत, "सात वाजले का?" सात, हात, भात, पाट या सगळ्यांतला आ त्यांना ऐकू येई, पुढचे-मागचे अक्षर कुठेतरी गळून पडे. टीव्ही मोठा करूनही उपयोग नसे. "मले आयकू येते रे," ते म्हणत, "पन समजत नाही." आणि काकू येऊन गेल्या त्या रात्री त्यांनी स्वतःच टीव्ही बंद केला. काकू काय म्हणाल्या ते त्यांना ऐकू आले नव्हते. माझा चेहरा मात्र त्यांनी बरोबर वाचला होता. "मी आपला हिवऱ्याले जातो," ते म्हणाले. "तिथं कोनाले त्रास नाही."

तिथे त्यांचे करायलाही कोणी नाही, हे ते बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

यावर उपाय सुचवला तो चिरंजीवांनी. ते अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, म्हणजे जगातल्या सर्व प्रश्नांची उत्तरे ठाऊक असण्याच्या वयात. त्यांचे म्हणणे असे, की टीव्ही कागदासारखे पातळ झाले, त्यांतले स्पीकर नखाएवढे झाले आणि तेही मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. नानांना समजणार कसे? "आपण फाइव्ह पॉइंट वन घेऊ."

नाना पेपर वाचत होते. मान वर करून म्हणाले, "पाच पूर्णांक एक दशांश म्हन." आठ महिन्यांत त्यांनी आपणहून भाग घेतलेले हे पहिले संभाषण.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आम्ही चौघेही एका मोठ्या दुकानात गेलो. विक्रेता तरुण, तरतरीत आणि वाक्यागणिक "सर" म्हणणारा होता. "यात डॉल्बी आहे सर," त्याने सुरुवातीलाच सांगितले. नानांनी हा शब्द मात्र अचूक पकडला. "डॉल्बी? काऊन रे बाप्पा, घरात डॉल्बी?" वाचकहो, त्यांचे घाबरणे स्वाभाविक होते. आपल्या महाराष्ट्रात डॉल्बी म्हणजे वरातीत आणि विसर्जनात ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरांची भिंत. ती जवळून गेली, की छातीतले ठोके आपले की तिचे ते कळत नाही. प्रत्यक्षात रे डॉल्बी हा मोठा सालस इंजिनियर होता. १९६३ पासून दोन वर्षे तो संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून भारतात होता. १९६५ साली त्याने लंडनमध्ये आपली कंपनी काढली, आणि तिने जे पहिले नाव कमावले ते ध्वनिफितीवरची खरखर कमी करून. जन्मभर गोंगाट कमी करायला झटलेल्या माणसाचे नाव आपण गोंगाटालाच देऊन टाकले.

विक्रेत्याने आम्हांला आतल्या खोलीत नेले. काळ्या भिंती, जाड गालिचा, खिडकी एकही नाही, आणि मधोमध ऐसपैस कोच. पुढे तीन स्पीकर: डावा, उजवा आणि टीव्हीखाली मधला. मागे दोन. कोपऱ्यात जमिनीवर लहान कोठीएवढा एक काळा डबा. त्याचे नाव सबवूफर. हाच तो एक दशांश. बाकीच्या पाचांतून सगळे स्वर वाजतात. या सहाव्याकडे फक्त खालचे, सेकंदाला १२० कंपनांपर्यंतचे घुमणारे स्वर येतात. त्याचा वाटा थोडा म्हणून त्याला पुरता एक न म्हणता 'पॉइंट वन' म्हणतात. डॉल्बी डिजिटलची ही पद्धत १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर चित्रपटगृहांत आली आणि पुढे घराघरांत शिरली.

दिवे मालवले गेले. आधी 'सैराट'मधले एक गाणे लागले. २०१६ च्या त्या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी वाद्यमेळ थेट हॉलिवूडमधल्या सोनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला होता, हे मी वाचले होते. पण त्या खोलीत व्हायोलिनांची रांग डावीकडून उजवीकडे पसरलेली मला प्रथमच दिसली. होय, दिसली असेच म्हणतो. मग एक हेलिकॉप्टर आमच्या डोक्यावरून गेले. सदऱ्याची बाही हलल्यासारखी वाटली. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. मीही पुरुषच, मोठ्या यंत्रापुढे माझाही विवेक सुटतो. त्या खोलीच्या खाली दुकानाचेच गोदाम आहे, हा विचार दोघांपैकी एकाच्याही मनात आला नाही.

दसऱ्याला सोने लुटून झाल्यावर यंत्र घरी आले, आणि घर किती लहान आहे ते आम्हांला कळले. आमचा हॉल दहा फूट बाय चौदा फूट. कोच मागच्या भिंतीला टेकलेला, त्यामुळे मागचे स्पीकर मागे जाणार कुठे? ते भिंतीवर, आमच्या डोक्यावर चढले. त्यांतल्या एकाला जागा उरली ती देव्हाऱ्याच्या फळीवर. "देवांच्या कानाशी?" सौ.ने विचारले. तो शेवटी पुस्तकांच्या कपाटावर गेला. वायरी सतरंजीखालून गेल्या. काळा डबा विक्रेत्याच्या सल्ल्याप्रमाणे कोपऱ्यात, थेट फरशीवर बसला. कोपऱ्यात ठेवला की आवाज आणखी घुमतो, असे त्याने सांगितले होते. ते अगदी खरे होते.

पुढच्या शनिवारी रात्री आम्ही एक युद्धपट लावला. मागचा अनुभव ध्यानात ठेवून खिडक्या घट्ट लावल्या, गॅलरीचे दार लावले, जाड पडदे ओढले. आता बाहेर शब्द जाणार नाही, अशी आमची खात्री होती. तोफा धडधडल्या, इमारती कोसळल्या. चिरंजीव खूश. मध्येच मी नानांना विचारले, "कळतंय का?"

"आवाज लय येते," नाना म्हणाले. "बोलले काय ते नाही समजलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू जिन्यात भेटल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत. "काल रात्री तुमच्याकडे काही सामान हलवत होतात का?" त्यांनी विचारले. मी गप्प. मग त्या पिशवी कठड्यावर टेकवून सावकाश म्हणाल्या, "ह्यांनी रात्रभर पलंगाची कड धरून ठेवली होती. बोलता येत नाही ना नीट. मला खुणा करून सांगत होते, बाहेर चल, बाहेर चल. आम्ही मूळचे औसा तालुक्यातले. त्र्याण्णव साली आम्ही तिथंच होतो."

त्र्याण्णव साल म्हटल्यावर पुढचे सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, गावे झोपेत, आणि चार वाजायच्या आत किल्लारी आणि भोवतालची गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे दगडामातीखाली गेली. त्यातून वाचून पुण्यात दुसऱ्या मजल्यावर येऊन राहिलेल्या, अंगाची एक बाजू लुळी पडलेल्या माणसाला मी माझ्या दसऱ्याच्या खरेदीने पुन्हा त्या पहाटेत नेऊन ठेवले होते.

मी काकूंची परवानगी घेऊन त्याच दिवशी दुपारी खाली गेलो. वर चिरंजीवांना तोच चित्रपट, तेवढ्याच आवाजात लावायला सांगितले. काकांच्या पलंगाशेजारी उभा राहून मी ऐकू लागलो. संवाद एकही नाही. संगीत नाही. किंकाळीसुद्धा नाही. नुसता धप्, धप् असा ठोका. तो कानाला कमी आणि तळपायाला जास्त जाणवत होता. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटली त्याबरोबर किणकिणली. चिरंजीवांनी दिलेले ध्वनिमापक माझ्या मोबाईलवर होते. ते चाळीसच्या आसपास डेसिबल दाखवत होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे आकड्यांच्या हिशेबाने आम्ही निर्दोष. पण हे मोजमाप माणसाच्या कानाच्या सोयीने बेतलेले असते. अगदी खालच्या स्वरांना त्यात फार थोडे गुण मिळतात. काका त्या वेळी माझ्याकडे बघत होते. त्यांचा उजवा हात पलंगाच्या कडेवर होता.

जिना चढताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. नानांना हवे होते ते शब्द, ते आमच्या यंत्राने त्यांना दिलेच नव्हते. आणि खाली जे कोणालाच नको होते ते मात्र न चुकता पोचवले होते.

यंत्र परत घ्यायला दुकानदार राजी नव्हता. तेव्हा मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. तिथे एका अरुंद दुकानात जुने रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ बसतात. बरोबर नानांनाही नेले. घरात बसून ते कंटाळले असतील, एवढाच माझा हेतू. सगळे ऐकून घेतल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "साहेब, भिंत जड असते. तिला भरभर हलवू पाहिलंत तर ती हलत नाही, म्हणून बारीक आवाज घरातच राहतो. सावकाश रेटा दिलात तर ती साथ देते. तुम्ही तर डबा स्लॅबवरच बसवलात. म्हणजे खालच्यांचं छत हाच तुमचा स्पीकर." मग त्यांनी कागद ओढला आणि एक लाट काढून दाखवली. नाना पुढे सरकले. त्यांनी माझ्याकडे पेन मागितले.

"आवाजाचा वेग किती?" त्यांनी विचारले.

"सेकंदाला ३४३ मीटर," गृहस्थ त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले.

"आन हा डबा सेकंदाले किती हेलकावे देते?"

"चाळीस धरा."

नानांनी पाकिटाच्या पाठीवर भागाकार मांडला. ३४३ भागिले ४०. साडेआठ मीटर, म्हणजे अठ्ठावीस फूट. मग माझ्याकडे वळून शाळेतल्या आवाजात म्हणाले, "तुवा हॉल चौदा फुटांचा. लाट अठ्ठावीस फुटांची. बरोब्बर अर्धी मावते, म्हनून तुही खोलीच घुमते." गृहस्थ टाळी द्यायला पुढे झाले. "आन बोलन्यातला स, श?" नानांनी विचारले. "ते तीन हजारांच्या पुढं," उत्तर आले. पुन्हा भागाकार. "साडेचार इंच. मुठीत मावते." त्या अर्ध्या तासात नानांना एकही वाक्य दोनदा सांगावे लागले नाही. ते गृहस्थ समोर बसून, तोंडाकडे दिसेल असे, सावकाश बोलत होते. आम्ही घरात हे आठ महिने केले नव्हते. आम्ही फक्त टीव्ही मोठा करीत होतो.

दुकानातून निघताना ते गृहस्थ मला हळूच म्हणाले, "यंत्र मी बघतो. तुम्ही वडिलांचे कान तपासून घ्या."

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दिला. डावीकडे खालचे स्वर, उजवीकडे वरचे. रेघ डावीकडे सरळ चालत होती आणि मध्यावर आल्यावर घाट उतरावा तशी खाली गेली होती. नानांनी आलेख हातात घेतला. चाळीस वर्षे मुलांना आलेख वाचायला शिकवलेला माणूस स्वतःचा आलेख वाचू लागला. वय झाले की वरचे स्वर आधी जातात, डॉक्टर सांगत होते. आ, ओ, उ हे स्वर खालचे, म्हणून ते राहतात. स, श, त, थ, फ, ख यांचा जीव वरच्या पट्टीत, म्हणून ते हरवतात. सगळाच आवाज मोठा केला तर जे ऐकू येते तेच आणखी मोठे होते. श्रवणयंत्र हवे, जे हरवले आहे तेवढेच वाढवून देणारे. "बघू," नाना म्हणाले. आमच्याकडे बघू म्हणजे नाही.

तपकीर गल्लीतल्या गृहस्थांनी मात्र पुढच्या रविवारी येऊन आमच्या हॉलचा संसार नव्याने मांडून दिला. काळ्या डब्याची वायर काढली आणि यंत्राला सांगितले, की आता सबवूफर नाही; मग ते खालचे स्वर बाकीच्यांवर थोडे-थोडे वाटून देते. मागचे दोन स्पीकर उतरवले. पुढचे तीन राहिले. चित्रपटातले बोलणे बहुतेक सगळे मधल्या स्पीकरातून येते. तो टीव्हीखालच्या कप्प्यात, गुडघ्याच्या उंचीवर होता. तो पुढे ओढून, खाली रबराचे तुकडे देऊन, नानांच्या कानांच्या रोखाने किंचित वर वळवला, आणि त्याचा आवाज इतरांपेक्षा तीन-चार डेसिबल चढवला. "दहा चढवू नका," ते म्हणाले. "दहा डेसिबल म्हणजे कानाला दुप्पट, पण शक्ती दसपट." नानांनी मान डोलावली, लॉगॅरिदम त्यांना समजावण्याची गरज नव्हती. यंत्रात रात्रीसाठी एक सोय असते. तिने धडाके दबतात आणि कुजबूज उचलली जाते. दुकानात ती कोणी दाखवली नव्हती, कारण ती लावली की हेलिकॉप्टर उडत नाही. कोच भिंतीपासून दोन हात पुढे आला. उघड्या फरशीवर सतरंजी पसरली गेली.

या सगळ्याला खर्च आला तो चहा-पोह्यांचा आणि त्यांच्या रास्त मजुरीचा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वाचकांपैकी कोणी अशा खरेदीच्या विचारात असेल, तर मी एवढेच सांगेन: दुकानातल्या खोलीत हेलिकॉप्टर ऐकू नका, बातम्या ऐका, आणि त्याही अगदी हळू आवाजात. शब्द कळले, तर यंत्र चांगले. आणि पैसे देण्यापूर्वी, खाली कोण झोपते, याची चौकशी करा. आम्हांला तीन स्पीकरांचा साधा संच, किंवा मध्ये बोलण्यासाठी वेगळा स्पीकर असलेला एखादा चांगला साउंडबार, पुरला असता.

त्या रविवारी संध्याकाळी चिरंजीवांनी नानांना विचारले, "काय लावू?" नाना म्हणाले, "श्यामची आई." आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट, पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच सोहळ्यात त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. नानांनी तो लहानपणी मेहकरला तंबूतल्या सिनेमात पाहिला होता, आपल्या आईच्या मांडीवर बसून. त्या काळच्या चित्रपटाचा आवाज एकेरी. डावे-उजवे काही नाही. सगळे त्या मधल्या एका स्पीकरातून येऊ लागले. आकडा अठरावर होता. नाना कोचाच्या कडेला, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. वनमाला बोलू लागल्या आणि कोणी काही विचारले नाही, कोणी काही मोठ्याने सांगितले नाही. शेवटाकडे सौ.ने पदर डोळ्यांना लावला. मी चष्मा पुसण्याचे निमित्त केले. आणि पाहतो तो नानांचा रुमाल आधीच डोळ्यांवर होता. आमच्याकडे बघून नव्हे. ते पडद्याकडे बघत होते.

चित्रपट संपल्यावर त्यांनी हिशेब सांगितला: "घेतले पाच पूर्णांक एक दशांश, लावले तीन, आन कामाले आला एक." थोड्या वेळाने म्हणाले, "ते कानातलं यंत्र केवढ्याले येते, इचारून ठेव."

काकू दुसऱ्या दिवशी सौ.ला म्हणाल्या, "काल कुठं बाहेरगावी गेला होतात का?" काळा डबा तेव्हापासून माळ्यावर आहे.

पौषात आम्ही सगळे हिवऱ्याला उत्सवाला गेलो. नानांच्या कानात नवे यंत्र होते. पंगतीत बसल्यावर ध्वनिक्षेपकावरून सूचना सुरू झाल्या, ट्रॉल्या पुढे सरकू लागल्या, शेजारच्या रांगेतून त्यांचा कोणी जुना विद्यार्थी "गुरुजी" म्हणून ओरडत आला. आणि नानांनी यंत्र काढून खिशात ठेवले. "इथं नको," ते म्हणाले. "इथं सगळं आयकू येते." मला वाटले, आता ते परत यायचे नाहीत. पण तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पिशवी आमच्या पिशव्यांशेजारी भरून तयार होती. वर प्रसादाच्या पुऱ्यांची एक पुडी वेगळी बांधलेली.

पुण्याला आल्यावर ती पुडी घेऊन ते स्वतः खाली गेले. चांगले तासाभराने वर आले. तेव्हापासून रोज संध्याकाळी जातात. सौ.ने एकदा विचारले, "मामाजी, एवढा वेळ काय बोलता दोघं?"

"त्यायले बोलता येत नाही, मले आयकू येत नाही," नाना म्हणाले. "जमलं आमचं."